क्रीडा आणि वृत्तछायाचित्रण: मुंबईत या कामात येणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

वर्तमानपत्र, वृत्तसंस्था किंवा न्यूज पोर्टलसाठी मैदानावर आणि रस्त्यावर फोटो काढू पाहणाऱ्यांसाठी हे पान आहे. लग्न, फॅशन, प्रॉडक्ट यांची गणितं वेगळी असतात, त्यामुळे ती इथे फारशी येणार नाहीत.

या कामाला कोणती पदवी लागते?

फोटो एडिटर आधी फोटो बघतो, मग नाव विचारतो. प्रमाणपत्र मागायची वेळ बहुधा येतच नाही. तरीही रीतसर शिकायचं असेल तर मुंबईत सर जे. जे. उपयोजित कला महाविद्यालय आणि झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स ही नावं जुनी आहेत. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला (१९१३ ते २०१२) यांचं कलाशिक्षणही जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्येच झालं होतं. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

कॅमेऱ्याबाहेरच्या तीन गोष्टी मात्र शिकाव्याच लागतात. पहिली, मराठी आणि इंग्रजीत भराभर, बिनचूक टाइप करणं. दुसरी, ज्या खेळाचा फोटो काढायचा त्याचे नियम. तिसरी, शहर: कुठल्या गल्लीतून कुठे निघता येतं, रविवारी कुठल्या मार्गावर मेगाब्लॉक आहे, मंत्रालयापासून आझाद मैदान चालत किती मिनिटांवर आहे. घटना घडून गेल्यावर पोहोचणाऱ्या माणसाची लेन्स कितीही भारी असली तरी तिचा उपयोग नसतो.

स्पोर्ट्स आणि न्यूज ही वेगवेगळी करिअर आहेत का?

मोठ्या वृत्तसंस्थांमध्ये काही प्रमाणात. मुंबईच्या वर्तमानपत्रांत नाही. सकाळी किल्ला कोर्टाबाहेर, दुपारी पत्रकार परिषद आणि संध्याकाळी वानखेडे, असा दिवस सर्रास असतो. फक्त क्रिकेटच करणार म्हणणाऱ्याला नोकरी मिळणं अवघड आहे.

सुरुवात कुठून करायची? मोठ्या सामन्यांचा पास तर मिळत नाही.

मैदानावरून. आझाद, क्रॉस, ओव्हल, शिवाजी पार्क इथे पास लागत नाही. बाउंड्रीबाहेर उभं राहायचं, स्कोअररला आणि पंचांना आधी सांगून ठेवायचं आणि साइटस्क्रीनसमोरून ये-जा करायची नाही. हॅरिस आणि जाइल्स शील्डचे शालेय सामने, पावसाळ्यातली कांगा लीग, महिंद्रा स्टेडियमवरची हॉकी, कूपरेजचं फुटबॉल, प्रभादेवी-लालबाग पट्ट्यातले कबड्डीचे स्थानिक सामने, शिवाजी पार्कचा मल्लखांब. इतकी विविधता इतक्या कमी तिकीटभाड्यात देशात दुसरीकडे क्वचितच मिळेल.

शाळकरी पोरांच्या सामन्याला काय जायचं, असं वाटत असेल तर १९८८ मध्ये सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांची ६६४ धावांची नाबाद भागीदारी आझाद मैदानावर, हॅरिस शील्डच्याच सामन्यात झाली होती, हे लक्षात ठेवा.

एक शिस्त पहिल्या दिवसापासून लावून घ्या. प्रत्येक सामन्याचे दहाच फोटो निवडायचे, प्रत्येकाखाली दोन्ही खेळाडूंची नावं, संघ, स्पर्धा आणि तारीख लिहायची. नावं विचारायला लाज वाटत असेल तर हे क्षेत्र सोडा.

कोणता कॅमेरा आणि कोणत्या लेन्स घेऊ? बजेट मर्यादित आहे.

बॉडीपेक्षा लेन्सवर पैसे घाला. वृत्तछायाचित्रकाराची किमान जोडी म्हणजे २४-७० आणि ७०-२०० एमएमच्या झूम लेन्स, दोन्ही एफ २.८ (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त). यातली एकच परवडत असेल तर ७०-२०० घ्या, वाइडचं काम किट लेन्स काही काळ भागवते. फोर्टातल्या बोरा बाजार परिसरात सेकंडहँड माल मिळतो. घेताना टॉर्च लेन्सच्या मागून मारून बुरशीचे धागे आहेत का ते बघा, ऑटोफोकस दोन्ही टोकांना चालवून बघा, माउंटचे स्क्रू उघडल्याच्या खुणा तपासा आणि बिलाशिवाय घेऊ नका. चोरीचा माल असेल तर बिल नसणाऱ्याच्याच गळ्यात पडतो.

क्रिकेटसाठी ४०० एफ २.८ किंवा ६०० एफ ४ लागते. ही लेन्स नवी घ्यायची तर किंमत दहा लाखांच्या वर जाते आणि वजन सुमारे तीन किलो. सुरुवातीला ती विकत घेण्यात अर्थ नाही. सामन्यापुरती भाड्याने घ्या. भाड्याने घेताना विमा कोणाच्या नावावर आहे ते मात्र आधी विचारा.

२०० एमएमवर क्रिकेट होतच नाही का?

हिशेब करून बघू. फुल फ्रेम कॅमेरा, तुम्ही खेळपट्टीपासून ७५ मीटरवर. २०० एमएमला चौकटीत साधारण १३.५ मीटर रुंद आणि ९ मीटर उंच भाग येतो, म्हणजे फलंदाज उंचीच्या पाचव्या हिश्शाएवढा. ४०० ला हेच ६.७५ बाय ४.५ मीटर होतं आणि फलंदाज चाळीस टक्के उंची भरतो. क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या बॉडीवर २०० ची लेन्स ३०० सारखी वागते. वेबसाठी कापून चालून जाते, छापील पान एकसाठी नाही.

मधला रस्ता म्हणजे ७०-२०० वर दोनपट टेलिकन्व्हर्टर, म्हणजे लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसणारी, पल्ला वाढवणारी जोडकाच. ४०० मिळते, पण दोन स्टॉप प्रकाश जातो (चौथा हिस्साच उरतो) आणि एफ २.८ चं एफ ५.६ होतं. भर दुपारच्या उन्हात मैदानावर आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ४०० ला एफ ५.६ वर १/३२०० चा शटर सहज मिळतो, म्हणून दिवसाच्या सामन्यांना ही जोडी पुरते. संध्याकाळी पाचनंतर ती गळपटते: फोकस शोधत बसतो आणि पार्श्वभूमीतले झेंडे, टपऱ्या, उभी माणसं सगळी स्पष्ट दिसायला लागतात.

वानखेडेवर किंवा मैदानावर बसायचं कुठे?

यावर फोटो ठरतो, कॅमेऱ्यावर नाही. उजव्या हाताच्या फलंदाजाची छाती ऑफ साइडकडे असते. कव्हर ड्राइव्हला चेहरा, बॅट आणि चेंडू एकत्र हवे असतील तर लाँग ऑफच्या आसपास बसा. लाँग ऑनला बसलात तर ड्राइव्हमध्ये पाठ आणि जर्सीचा नंबर मिळेल, पण पुल आणि स्वीप मारताना तोच फलंदाज तुमच्याकडे वळेल. डावखुऱ्यासाठी सगळं उलट. षटकागणिक टोक बदलत असल्यामुळे एकाच जागेवरून एका षटकात फलंदाजाचा चेहरा आणि पुढच्या षटकात धावत येणाऱ्या गोलंदाजाचा चेहरा मिळतो. म्हणून जागा सारख्या बदलणाऱ्यापेक्षा एका कोपऱ्यात टिच्चून बसणारा फायद्यात राहतो.

अपीलचा फोटो हवा असेल तर गोलंदाजाच्या टोकामागे बसा. गोलंदाज अपील करताना पंचांकडे वळतो, म्हणजे तुमच्याकडे. विकेट मिळाल्यावर मात्र तो बहुधा यष्टिरक्षकाकडे धावतो आणि तुम्हाला पाठ दिसते. दोन्ही एकाच जागेवरून मिळत नाही. त्या दिवशी डेस्कला, म्हणजे ऑफिसात फोटो निवडणाऱ्यांना काय हवंय ते विचारून जागा निवडा.

ऊन पाठीशी घ्या. दुपारी ते पश्चिमेकडून, म्हणजे वानखेडेच्या समुद्राच्या बाजूने येतं. छताची सावली मैदानावर सरकू लागली की अर्धी खेळपट्टी उन्हात आणि अर्धी सावलीत अशी तासभर तरी पंचाईत असते. त्या वेळी ऑटो एक्स्पोजर बंद करून चेहऱ्यासाठी मॅन्युअल ठेवा, नाहीतर पांढऱ्या कपड्यातला खेळाडू जळतो किंवा हेल्मेटखालचा चेहरा काळा येतो.

शटर स्पीड किती ठेवायचा?

ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाला जवळपास ३९ मीटर जातो. १/१००० ला तो शटर उघडा असतानाच चार सेंटीमीटर सरकतो, म्हणजे स्वतःच्या व्यासाच्या निम्म्याहून जास्त. १/४००० ला एकच सेंटीमीटर. खेळाडू १/१००० ला थांबतो, चेंडू आणि बॅटचं टोक थांबवायला १/२५०० च्या पुढे जावं लागतं. उलट मॅरेथॉन किंवा महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीत पॅनिंग (धावणाऱ्याबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढणं) करायचं असेल तर १/३० ते १/६० वर उतरा आणि दहातले नऊ फोटो फुकट जाणार हे धरून चाला.

कॅमेरा सेकंदाला वीस फ्रेम काढतो. मग चेंडू-बॅटची टक्कर आपोआप मिळणार ना?

नाही. दोन फ्रेमच्या मध्ये सेकंदाचा विसावा भाग असतो आणि तेवढ्यात तो चेंडू दोन मीटरच्या आसपास पुढे जातो. टक्कर नेमकी त्या दोन फ्रेमच्या मध्येच होते. बटण दाबण्याची वेळ अजूनही डोक्यातच असावी लागते: गोलंदाजाचा हात खाली आला की बर्स्ट (सलग फ्रेम) सुरू, शॉट पूर्ण झाला की बंद. सगळा वेळ बटण दाबून बसणाऱ्याचा बफर (फोटो कार्डावर जाईपर्यंत साठवणारी कॅमेऱ्याची मेमरी) नेमका विकेटला भरतो आणि रात्री पाच हजार फोटो चाळायला लागतात ते वेगळंच.

रात्रीच्या सामन्यात एक फोटो पिवळा, पुढचा निळसर येतो. कॅमेरा बिघडलाय का?

दिव्यांचा प्रश्न आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुने स्टेडियम लाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. एका लुकलुकीला दहा मिलिसेकंद लागतात; १/१००० च्या शटरला त्यातला फक्त दहावा भाग मिळतो. त्या क्षणी दिवा चढतीवर आहे की उतरतीवर, यावर उजेड आणि रंग ठरतो. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा. दिवा सर्वांत उजळ असतानाच कॅमेरा मग शटर सोडतो, वेग किंचित कमी होतो. नसेल तर रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) काढा आणि बर्स्टमधली नीट फ्रेम निवडा.

एलईडी जाहिरातफलकांवर आडवे पट्टे येण्याचं कारण बहुतेकदा इलेक्ट्रॉनिक शटर असतं. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो आणि तेवढ्यात फलक लुकलुकतो. बॅट वाकलेली दिसते तीही त्यामुळेच. मेकॅनिकल शटरवर जा. सोनी ए९ थ्री सारख्या ग्लोबल शटरच्या कॅमेऱ्यात सगळा सेन्सर एकदम वाचला जातो, तिथे बॅट वाकत नाही. पण त्यासाठी लागणारे पैसे आधी लेन्समध्ये गेलेले बरे.

कबड्डी कशी काढायची?

पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, त्यामुळे ७०-२०० पुरेपूर. एफ २.८, १/१०००, हॉलच्या उजेडानुसार आयएसओ ३२०० ते ६४००. अंतिम रेषेमागे जमिनीला टेकून बसलात तर चढाईपटू तुमच्याकडे येताना दिसतो, पण पकड करणाऱ्यांच्या पाठी येतात. पकडीतून सुटून मध्यरेषेकडे हात लांबवतानाचा चेहरा हवा असेल तर समोरच्या अंतिम रेषेमागे, किंवा बाजूला मध्यरेषेच्या थोडं पुढे बसावं लागतं. चढाई तीस सेकंदांची. शेवटच्या दहा सेकंदांत बोनससाठी किंवा घाईच्या स्पर्शासाठी काहीतरी होतंच, डोळा व्ह्यूफाइंडरवरून हटवू नका. खेळाडू अंगावर येऊ शकतात, म्हणून लेन्सचं हूड लावलेलं असू द्या.

पावसाळ्यात सामान कसं सांभाळायचं?

बिघाड पावसाने कमी आणि दमटपणाने जास्त होतात. एसी ऑफिसातून किंवा एसी गाडीतून बाहेर आलं की गार काचेवर वाफ धरते, आतल्या घटकांवरसुद्धा. बाहेर पडण्याआधी कॅमेरा झिपच्या जाड पिशवीत बंद करा आणि बाहेर आल्यावर पंधरा-वीस मिनिटं तसाच ठेवा. पाणी पिशवीवर धरेल, काचेवर नाही. कपड्याने सारखं पुसत बसल्याने काही होत नाही.

घरी ड्राय कॅबिनेटमध्ये आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवा. कॅबिनेट नसेल तर हवाबंद डबा, सिलिका जेल आणि वीस-पंचवीस रुपयांचा नव्हे तर धड चालणारा आर्द्रतामापक. जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येतं. लेन्स कपाटात कपड्यांमध्ये आणि चामड्याच्या केसमध्ये ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण.

विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर किंवा भरतीच्या वेळी मरीन ड्राइव्हला काम केलंत तर घरी आल्या आल्या ओलसर कापडाने आधी मीठ पुसा, मग कोरड्याने. सरळ कोरड्याने घासलं तर मिठाचे कण कोटिंगवर चरे पाडतात.

पाणी तुंबल्याचे फोटो काढताना काय धोका असतो?

हिंदमाता, किंग्ज सर्कल, मिलन सबवे ही नेहमीची ठिकाणं, आणि तिथे उघडं मॅनहोल पाण्याखाली दिसत नाही. रस्त्याच्या मध्यावरून किंवा दुभाजकाला धरून, हातातल्या काठीने चाचपत चाला. विजेच्या खांबाला, दुकानाच्या लोखंडी शटरला हात लावू नका. पायाला जखम असताना त्या पाण्यातून चाललात तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो. मुंबई महापालिका दरवर्षी सांगते त्याप्रमाणे ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवून प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्या. वृत्तछायाचित्रकार हे टाळतात, कारण दुसऱ्या दिवशीही पाऊस असतो.

मोर्चा, दंगल, आग अशा ठिकाणी?

पोलीस आणि जमाव यांच्या मध्ये कधीही थांबायचं नाही. दोघांच्या बाजूला, पाठीला भिंत आणि निघायला गल्ली ठेवून. पोहोचताच आधी बाहेर पडायचा रस्ता बघा, मग फोटो. लांब लेन्स लावून डोळ्याला कॅमेरा लावला की आजूबाजूचं दिसत नाही, म्हणून जोडीने काम करा, भले तो दुसऱ्या पेपरचा असो. या शहरात ही जुनी रीत आहे आणि ती चांगली आहे. आगीच्या ठिकाणी काचेच्या इमारतीखाली उभं राहू नका, वाऱ्याच्या वरच्या बाजूला राहा आणि अग्निशमन दलाच्या पाइपवर पाय देऊ नका. बंद गिरण्या, पडीक इमारती, रेल्वेच्या कडेच्या निर्जन जागा इथे एकट्याने असाइनमेंट घ्यायची नाही; डेस्कला तसं सांगायचा हक्क तुम्हाला आहे.

पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरोधात महाराष्ट्राचा २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. मारहाण झाली, कॅमेरा फुटला तर तक्रार देताना त्याचा उल्लेख करा, ठाणे अंमलदाराला तो माहीत असेलच असं धरू नका.

फोटो कुठे काढता येत नाहीत? पोलीस डिलीट करायला सांगतात तेव्हा?

कोर्टरूममध्ये आणि न्यायालयाच्या आवारात नाही, फाटकाबाहेर चालतं. नौदल गोदीसारख्या प्रतिबंधित जागांचे फोटोही काढता येत नाहीत. तिथे १९२३ चा शासकीय गुपिते कायदा लागतो. रेल्वेच्या हद्दीत ठरवून काम करायचं असेल तर रेल्वेच्या जनसंपर्क विभागाची परवानगी आधी घ्या. ड्रोनचा मोह टाळा. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या आसपास बंदी किंवा परवानगीचे पट्टे आहेत, आणि त्यावर मुंबई पोलीस वेळोवेळी मनाई आदेश काढतात.

सार्वजनिक रस्त्यावरचा फोटो डिलीट करा म्हटलं तर वाद न घालता ऑफिसला फोन लावा. पोलिसांना कार्ड हवंच असेल तर जप्तीचा पंचनामा मागा. दबावाखाली डिलीट करावंच लागलं तर ते कार्ड लगेच काढा, त्यावर पुढे एकही फोटो काढू नका. वर नवं काही लिहिलं गेलं नसेल तर रिकव्हरी सॉफ्टवेअरने बहुतेक फाइल परत येतात.

पास कसा मिळतो?

सरकारी कार्यक्रमांसाठी माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाची अधिस्वीकृती पत्रिका असते. तिला अनुभवाची अट आहे आणि संस्थेचं पत्र लागतं. मंत्रालय आणि विधानभवनाचे प्रवेश वेगळे. क्रिकेटचा पास आयोजक देतात, म्हणजे बीसीसीआय किंवा मुंबई क्रिकेट असोसिएशन, आणि तोही सहसा संस्थेच्या नावाने. अर्जाची मुदत सामन्याच्या बरीच आधी संपते.

फाटकाची किल्ली कोणाकडे असते ते २०१२ मध्ये दिसलं. इंग्लंडच्या भारत दौऱ्यात बीसीसीआयने गेटी इमेजेससारख्या फोटो एजन्सींना प्रवेश नाकारला, तेव्हा रॉयटर्स, एपी, एएफपी या वृत्तसंस्थांनीही वार्तांकन थांबवलं. पासामागच्या अटी वाचा. पासावर काढलेला फोटो बातमीसाठी असतो. तो एखाद्या कंपनीला जाहिरातीसाठी विकलात तर पुढचा पास विसरा.

फोटो किती वेळात पोहोचायला हवा?

बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीची पानं शहर आवृत्तीच्या बरीच आधी सुटतात, रात्रीचा सामना तेव्हा मध्यावर असतो. म्हणून नाणेफेक, पहिली विकेट, पहिलं अर्धशतक हे घडताच पाठवायचं. सामना संपल्यावर लॅपटॉप उघडणारा माणूस फक्त वेबसाठी काम करतो, आणि वेबनेही तोवर एजन्सीचा फोटो लावलेला असतो.

पद्धत साधी आहे. बर्स्ट पाहा, एक फ्रेम लॉक करा, कापा, सरळ करा, लांब बाजू ३००० पिक्सेल, जेपीईजी, दोन-तीन एमबी, एफटीपीवर (फाइल थेट ऑफिसच्या सर्व्हरवर पाठवायची सोय) रवाना. रॉ फाइल तिथून पाठवायची नाही. वानखेडे भरलं की मोबाइल नेटवर्क बसतं. वेगवेगळ्या कंपन्यांची दोन सिम ठेवा, आणि आयोजकांनी लॅन दिलं असेल तर स्वतःची केबल आणि ॲडाप्टर घेऊन जा. सामन्याआधी एक चाचणी फोटो पाठवून डेस्ककडून ‘मिळाला’ ऐका.

दोन बॉडी वापरत असाल तर दोघींची घड्याळं सेकंदापर्यंत जुळवा. नाहीतर विकेटचा फोटो आणि जल्लोषाचा फोटो क्रमाने लागत नाहीत आणि फोटोओळीत भलताच फलंदाज बाद होतो.

फोटोओळीत काय असावं?

कोण, कुठे, कधी, काय करतंय. वर्तमानकाळात एक वाक्य. मग संदर्भाचं एक. डावीकडून उजवीकडे नावं, आडनावासकट. ‘आनंद व्यक्त करताना खेळाडू’ ही फोटोओळ नव्हे, वाचकाला ते दिसतंच. कोणाला बाद केल्यावर, किती धावांवर, ते लिहा. मोर्चाच्या गर्दीचा आकडा स्वतः ठरवू नका. पोलिसांचा की आयोजकांचा, ते नमूद करा. मजकूर, शहर, तारीख, नाव आणि हक्क हे सगळं फाइलमधल्याच आयपीटीसी रकान्यात (फोटोसोबत जाणाऱ्या माहितीच्या जागेत) भरा. व्हॉट्सॲपवरून साध्या फोटोसारखी पाठवली की ही माहिती गळून जाते आणि चित्रही दाबलं जातं. तातडीने पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

एडिटिंग किती चालतं?

कापणं, सरळ करणं, उजेड आणि रंग दुरुस्त करणं, सेन्सरवरची धूळ काढणं. यापलीकडे काही घालायचं नाही, काही काढायचं नाही. मागचा खांबही नाही. २००६ मध्ये बैरुतवरच्या हल्ल्याच्या फोटोत धूर क्लोन करून वाढवल्याचं उघड झालं तेव्हा रॉयटर्सने त्या फ्रीलान्सरचे सगळेच फोटो विक्रीतून काढले. २०१५ पासून त्यांनी फ्रीलान्सरांकडून कॅमेऱ्यातच बनलेली जेपीईजी मागायला सुरुवात केली. एआयने रिकामी जागा भरणारी टूल्स बातमीच्या फोटोला अजिबात लावायची नाहीत. पुन्हा घडवून आणलेला क्षणही बसत नाही: आंदोलकांना ‘जरा परत घोषणा द्या’ म्हणणं ही इथली सवय आहे, आणि ती वाईट आहे.

कोणाचा चेहरा दाखवायचा नाही?

लैंगिक अत्याचारातील पीडित व्यक्तीची ओळख पटेल असं काहीही नाही: भारतीय न्याय संहितेचं कलम ७२. बालकांच्या बाबतीत पॉक्सोचं कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचं कलम ७४. चेहरा झाकला पण घराची पाटी, शाळेचा गणवेश किंवा आईचा चेहरा दिसला तरी ओळख पटतेच. ब्लर डेस्क करेल असं गृहीत धरू नका, ओळख पटणार नाही असाच फोटो काढा. ओळख परेड बाकी असलेल्या आरोपीचा चेहरा दाखवला तर तपास बिघडतो. बुरखा घातलेला असतो तो त्यासाठी.

फोटोवर हक्क कोणाचा? पैसे कसे मिळतात?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ पाठ करा. पेपरात नोकरीला असाल तर प्रसिद्धीपुरता पहिला हक्क मालकाचा, बाकीचे उपयोग तुमचे, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. बहुतेक करारांत वेगळं लिहिलेलं असतं. कोणी पैसे देऊन काढायला सांगितलेला फोटो, करार नसेल तर, सांगणाऱ्याचा होतो. स्वतःहून काढलेला तुमचा. हक्क लिहून देताना मुदत नमूद नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश नमूद नसेल तर भारत. म्हणून ‘कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत’ हे शब्द दिसले की थांबा आणि जादा पैसे मागा किंवा ते खोडायला सांगा. संरक्षण तुमच्या हयातीनंतरही ६० वर्षं टिकतं.

स्ट्रिंगरला (पगारावर नसलेल्या, कामापुरत्या छायाचित्रकाराला) फोटोमागे किंवा दिवसामागे पैसे मिळतात आणि उशिरा मिळतात. बिलात असाइनमेंटची तारीख, कोणी सांगितलं त्याचं नाव, प्रवासखर्च वेगळा आणि पॅन असू द्या. व्यावसायिक शुल्कावर सहसा १० टक्के टीडीएस कापला जातो, तो विवरणपत्र भरून परत मिळवता येतो. कित्येक जण तो सोडून देतात. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी.

सोबत लग्नं केली तर चालतं का?

बरेच जण करतात, घरभाडं त्यातूनच निघतं. नोकरीत असाल तर करार बघा. ज्या नेत्याची बातमी करता त्याच्याच घरचं लग्न किंवा प्रचार घेऊ नका, एवढं पाळलं की पुरे.

जुने फोटो किती काळ आणि कसे ठेवायचे?

मूळ फाइल, कॅमेऱ्यातून आली तशी, कायम. तीन प्रती: दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या पत्त्यावर किंवा क्लाउडवर. मुंबईत तळमजल्यावरच्या कपाटातली डिस्क पुराच्या पाण्यात जाते, म्हणून दुसरा पत्ता. फोल्डरचं नाव वर्ष-महिना-दिवस आणि जागा. डिस्क पाच वर्षांनी बदला, चालत असली तरी.

हे फक्त आठवणींसाठी नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री वृत्तछायाचित्रकार सेबॅस्टियन डिसोझा यांनी सीएसएमटीवर काढलेले अजमल कसाबचे फोटो खटल्यात पुरावा ठरले आणि त्यांना साक्ष द्यावी लागली. न्यायालयात फाइल द्यायची वेळ आली तर आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश किंमत (फाइल जरा बदलली तरी बदलणारा तिचा ओळख-आकडा) भरायची असते. कापलेली, उजळ केलेली जेपीईजी एवढीच तुमच्याकडे असेल तर उलटतपासणीत पहिला प्रश्न मूळ फाइल कुठे आहे हाच येतो.